माशाचं यकृत काय सांगतं? खाडीचा गाळ, डांबर आणि कॅन्सर

रेकॉर्डिंगमधले माझे शंभरेक ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच खाली उतरवलंय. नद्यांवरच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, “नदीच्या पाण्याचा रिपोर्ट बरा आला म्हणजे मासे खायला हरकत नाही ना?” एका ओळीच्या प्रश्नाला एक अख्खा भाग लागला.

आधी तो रिपोर्ट काय असतो ते बघू. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्या-खाड्यांच्या पाण्याचे नमुने नियमित घेतं आणि त्यावरून एक जलगुणवत्ता निर्देशांक काढतं. या निर्देशांकात चार गोष्टी धरतात: पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, पीएच आणि मैल्यातून येणारे कोलिफॉर्म जिवाणू. चारही महत्त्वाच्या आहेत, वाद नाही. सांडपाणी किती मिसळतंय ते यातून बरोबर कळतं. पण आजचा विषय या चारही आकड्यांत कुठेच दिसत नाही. माझ्या धंद्यात अशी गंमत रोज होते. डॅशबोर्डवर सगळं हिरवं असतं, कारण जे बिघडलंय ते मोजायला कुणी लावलेलंच नसतं.

जे मोजलं जात नाही ते तळाशी आहे. गाळात.

मी बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो, उल्हास नदी इथून जवळच. ही नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे ती नदी राहत नाही, खाडी होते. भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करायला लागतं. ठाण्याजवळ तिला फाटा फुटतो. मोठा प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीकडे जातो आणि एक चिंचोळा फाटा कळव्याच्या बाजूने ठाणे खाडीला मिळतो. ठाणे खाडी म्हणजेच पुढे मुंबईचं बंदर. कल्याणपाशी उल्हासला वालधुनी येऊन मिळते. अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहणारी, मग औद्योगिक वसाहत आणि उल्हासनगर पार करून येणारी ती वालधुनी. 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस याच वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला होता, आठवत असेल. उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणावर ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दावा लावला, 2015 मध्ये त्याचा निकाल आला आणि प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्या बातम्यांत पाण्याचा रंग, फेस, वास हे सगळं आलं. गाळ फार कमी वेळा आला.

गाळ महत्त्वाचा का, तर काही रसायनांना पाण्यात राहायचंच नसतं. आज ज्यांच्याबद्दल बोलतोय ती म्हणजे पॉलीसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स. यापुढे नुसतं पीएएच म्हणू. कार्बनच्या षटकोनी कड्या एकमेकींना चिकटून तयार झालेले रेणू. दोन कड्या चिकटल्या की नॅप्थलीन, म्हणजे आपली कपाटातली डांबराची गोळी. तीन कड्यांचं फेनॅन्थ्रीन. पाच कड्यांपर्यंत गेलं की त्यात बेन्झो-ए-पायरीन नावाचा प्राणी भेटतो, तो या गोष्टीतला मुख्य खलनायक. कोळसा, लाकूड, डिझेल, कचरा, टायर, काहीही अर्धवट जळलं की पीएएच तयार होतात. शिवाय कच्च्या तेलात आणि डांबरात ती मुळातच असतात.

या रेणूंना पाणी आवडत नाही, तेल आवडतं. किती, तर पाणी आणि तेलासारखा एक द्रव शेजारी ठेवून बेन्झो-ए-पायरीन सोडलं, तर त्याचं तेलातलं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा साधारण 10 लाख पट होतं. मग नदीत पडल्यावर ते काय करणार? मातीचा कण, काजळीचा कण, कुजका पाला, जे सापडेल त्याला चिकटणार आणि कणासोबत तळाला जाऊन बसणार. पाण्याचा नमुना घेतलात तर जवळजवळ काही सापडत नाही. आणि खाडीचा चिखल तुम्ही पाहिला असेल, वरचा पातळ थर सोडला की खाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा. तिथे ऑक्सिजन नसतो. पीएएच खाऊन संपवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. त्यामुळे तिथे गेलेली पीएएच वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात.

म्हणून गाळ ही एक प्रकारची वही आहे. दरवर्षी वर नवा थर साचतो, खालचा तसाच राहतो. नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढायचा, शिसं-210 सारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यावरून प्रत्येक थराचं वय काढायचं आणि कुठल्या काळात काय सोडलं गेलं ते वाचायचं. आपल्या उल्हासच्या खाडीत हे झालेलं आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी इथल्या गाळात पारा मोजला. थरांमध्ये पारा नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर चढलेला दिसला आणि कारखान्यांनी प्रक्रिया बदलल्यावर, सांडपाणी जरा नीट हाताळायला लागल्यावर, वरच्या थरांत तो उतरू लागलेलाही दिसला. पाऱ्याची गोष्ट वेगळी, तो मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्थेचा शत्रू. पण मुद्दा लक्षात घ्या. वरून बंद झालेली गोष्टही खाली शिल्लक असते.

आता खाली मुंबई बंदरापर्यंत काय काय आहे ते आठवा. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, 1950 च्या दशकाच्या मध्यापासून दोन तेलशुद्धीकरण कारखाने. दारूखान्यात जहाजं तोडण्याचं काम. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. हजारो मच्छीमार बोटी आणि त्यांचं डिझेल. ठाकुर्लीला रेल्वेचं कोळशावर चालणारं चोळे पॉवर हाउस कित्येक दशकं धूर ओकत होतं. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल सांडलं, ते खारफुटीच्या मुळांना जाऊन चिकटलं. हे झालं दिसणारं. न दिसणारं म्हणजे आपला रस्ता. गळकं इंजिन ऑइल, टायरची झीज, डिझेलची काजळी, रात्री पेटवलेला कचरा. जूनचा पहिला पाऊस पडला की हे सगळं गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत. बदलापूर-कल्याण रस्त्यावरची धूळ शेवटी कुठे जाते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. कंपन्यांना शिव्या देणं सोपं आहे, आणि द्यायलाही हव्यात. पण पीएएचच्या बाबतीत आपल्या सगळ्यांच्या सायलेन्सरचाही वाटा आहे.

थोडा इतिहास, कारण तो फार भारी आहे. 1775 मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनच्या लक्षात आलं की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे अंडकोशाच्या त्वचेचा कॅन्सर होतो आणि त्याचा संबंध काजळीशी आहे. 1915 मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोनमहिने कोळशाचं डांबर चोळलं आणि कानांवर कॅन्सरच्या गाठी आल्या. रसायनाने कॅन्सर करून दाखवण्याचा हा पहिला पक्का प्रयोग. मग डांबरातलं नेमकं काय, ते शोधायला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दोन टन डांबर घेऊन त्याचे घटक वेगळे करत करत 1933 मध्ये बेन्झो-ए-पायरीन हाती लावलं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते गट 1 मध्ये ठेवलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे निश्चित.

मग माशाचं काय होतं? तळाला राहणारे मासे घ्या. लेपा चिखलावर आडवा पडून असतो. शिंगाळा चिखल चिवडत खातो. निवटी तर बिळच चिखलात करते, ओहोटीला चिखलावरून उड्या मारताना दिसते. हे गाळातले किडे खातात, गाळ अंगाला लागतो, कल्ल्यांतून जातो. पीएएच शरीरात गेलं की रक्तातून यकृतात पोचतं. यकृताचं काम हे तेलकट रसायन पाण्यात विरघळणारं करून बाहेर टाकायचं. त्यासाठी त्याच्याकडे एक एन्झाइम आहे, सायटोक्रोम पी-450 कुटुंबातलं. माशाच्या शरीरात पीएएच शिरलं की हे एन्झाइम भराभर जास्त बनायला लागतं. इथपर्यंत सगळं छान. पण बेन्झो-ए-पायरीन मोडताना मध्येच एक अत्यंत चिकट, आक्रमक रेणू तयार होतो आणि तो थेट डीएनएला जाऊन चिकटतो. म्हणजे विष मूळ रसायनात कमी आणि ते साफ करण्याच्या प्रक्रियेत जास्त. पेशीने ती जागा दुरुस्त केली तर ठीक. नाही केली आणि पेशी विभागली, तर चूक कॉपी होत जाते. चूक भलत्या जागी असेल तर गाठ.

हा नुसता पुस्तकी तर्क नाही. अमेरिकेत सिएटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाच्या शेवटापासून इंग्लिश सोल नावाचा मासा, म्हणजे आपल्या लेप्याचा लांबचा भाऊ, पकडून यकृतं तपासली. जिथे गाळात पीएएच जास्त, तिथे यकृतात गाठी आणि कॅन्सरआधीचे बदल जास्त. एक किलो कोरड्या गाळात साधारण 1 मिलीग्रॅमच्या पुढे गेलं की धोका वाढायला लागतो, असं त्यांच्या आकड्यांतून निघालं.

दुसरं उदाहरण याहून भयंकर. व्हर्जिनियातली एलिझाबेथ नदी. तिच्या काठावर लाकडाला क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबराचंच तेल, चोपडण्याचा कारखाना होता. तिथल्या गाळात किलोमागे सुमारे 2,200 मिलीग्रॅम पीएएच. तिथल्या ममीचॉग नावाच्या बोटभर माशांचा अभ्यास 1990 मध्ये छापून आला. 93 टक्के माशांच्या यकृतावर नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे डाग-गाठी होत्या आणि सुमारे एक तृतीयांश माशांना यकृताचा कॅन्सर होता. तुलनेसाठी घेतलेल्या कमी दूषित दोन ठिकाणच्या माशांत तसं काहीच सापडलं नाही.

यात एक गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करते. ते मासे तिथून नाहीसे झाले नव्हते. भरपूर होते. पिढ्यानपिढ्या त्या गाळात राहून त्यांच्या पिल्लांनी पीएएचचा मारा सहन करण्याची ताकद मिळवली होती, जी स्वच्छ पाण्यातल्या पिल्लांत नव्हती. मासे जगत होते, अंडी घालत होते आणि मोठे झाले की कॅन्सरने भरत होते. आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, “पाणी एवढं खराब असतं तर मासे जगले असते का?” जगतात. यकृत उघडून बघेपर्यंत कळत नाही, एवढंच.

आणि कॅन्सर हा एकच परिणाम नाही. 1989 च्या ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ तेलगळतीनंतर अलास्कात दिसलं की हेरिंग आणि सामन माशांच्या अंड्यांत, भ्रूणाचं हृदयच नीट घडत नव्हतं. नंतर समजलं की फेनॅन्थ्रीनसारखी तीन कड्यांची रसायनं हृदयाच्या पेशींमधले पोटॅशियमचे मार्ग अडवतात, ठोक्याची लय बिघडते. असं पिल्लू मरतं किंवा कमजोर हृदय घेऊन मोठं होतं. खारफुटीच्या खाड्या म्हणजे कोलंबीची आणि कितीतरी माशांची बालवाडी. तिथला गाळ खराब असेल तर समुद्रात जाळ्यात काय येणार, हा हिशोब माहुलच्या किंवा दिवाळ्याच्या कोळ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. खायचं की नाही?

इथे विज्ञान जरा अनपेक्षित उत्तर देतं. मासा पीएएच मोडून पित्तावाटे बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्या मांसात ती फारशी साठत नाहीत. म्हणूनच युरोपीय संघाने 2011 मध्ये ताज्या माशाच्या मांसासाठीची बेन्झो-ए-पायरीनची मर्यादा काढूनच टाकली, मोजण्यात अर्थ नाही म्हणून. माशाला काय झालंय ते बघायचं असेल तर पित्त तपासतात. पित्तावर विशिष्ट प्रकाश टाकला की पीएएचचे तुकडे चमकतात. तेव्हा फक्त मांसाचा नमुना लॅबला पाठवून “काही सापडलं नाही” असा रिपोर्ट कुणी दाखवला, तर त्यावरून मासा निरोगी होता असं ठरत नाही.

पण तिसऱ्या, कालवं, शिणाणे यांचं उलटं आहे. शिंपल्यातल्या या प्राण्यांकडे ते एन्झाइम नावापुरतंच असतं. ते दिवसभर पाणी गाळत बसतात, गाळाचे कण आत घेतात आणि पीएएच साठवत जातात. युरोपने ताज्या शिंपल्यांसाठी बेन्झो-ए-पायरीनची मर्यादा म्हणूनच ठेवली, किलोमागे 5 मायक्रोग्रॅम. मला कुणी विचारलं तर मी सांगेन: खाडीतल्या माशापेक्षा, कारखाने-बंदराशेजारच्या चिखलातून काढलेल्या कालवं-तिसऱ्यांची काळजी आधी करा. माशाचं यकृत आणि आतडी टाकून द्या, जे आपण बहुतेक घरांत तसंही करतो. आणि हो, कोळशावर काळा करपवलेला मासा खाताना नदीला दोष देऊ नका, ते बेन्झो-ए-पायरीन तुमच्या शेगडीचं असतं.

मात्र गाळात एकटी पीएएच नसतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी, डीडीटीचे अवशेष, ही माशाला मोडता येत नाहीत. ती चरबीत साठतात आणि लहान माशातून मोठ्या माशात वाढत जातात. पीसीबीही त्याच गट 1 मध्ये आहेत. त्यामुळे पीएएचपुरतं जे सांगितलं ते सगळ्या विषांना लावू नका. आणि हेही बघा, आठवड्यातून एकदा पापलेट आणणारा माणूस आणि रोज खाडीतलंच पकडून खाणारं कातकरी किंवा कोळी कुटुंब यांचा धोका एक नाही. सल्ले नेहमी पहिल्यासाठी लिहिले जातात.

शेवटचा भाग गाळ काढण्याबद्दल, कारण तो आपल्याकडे दर पावसाळ्यात निघतो. 27 जुलै 2019 ला उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. असा पूर आला की मागणी होते: नदीतला गाळ काढा. तिकडे मुंबई बंदर आणि जेएनपीटीच्या जहाजमार्गांत तर खोदकाम चालूच असतं. पुरासाठी आणि जहाजांसाठी ते लागेल, मान्य. पण ओहायोतल्या ब्लॅक रिव्हरचं उदाहरण ऐका. काठावरचा कोक कारखाना 1983 मध्ये बंद झाला. काही वर्षांत तिथल्या बुलहेड माशांतला, म्हणजे शिंगाळ्याच्या जातकुळीतला मासा, यकृताचा कॅन्सर आपोआप खूप कमी झाला, कारण वर स्वच्छ गाळाचा थर साचत गेला. मग 1990 च्या सुमारास गाळ उपसला, खालचं जुनं विष ढवळून वर आलं आणि कॅन्सर परत वाढला. आणि मग, 1994 मध्ये, तीन वर्षं वयाच्या माशांत यकृताचा कॅन्सर एकाही माशात सापडला नाही. उपसलेलं शेवटी कामी आलं, पण मधल्या काही वर्षांतल्या माशांनी त्याची किंमत मोजली. सिएटलजवळच्या ईगल हार्बरमध्ये दुसरा मार्ग धरला. 1993-94 मध्ये क्रिओसोटने माखलेल्या तळावर स्वच्छ गाळाची जाड चादर अंथरली आणि त्यानंतर तिथल्या सोल माशांच्या यकृतातले बिघाड लक्षणीय उतरले.

दोन्हीकडे एक गोष्ट आधी केली होती. कुठल्या थरात काय आहे ते मोजलं होतं. आपल्याकडे पाण्याला मानकं आहेत, गाळाला कायद्याने बांधलेलं मानक नाही. आपले संशोधक अमेरिकेचे आकडे उसने घेतात: किलोमागे एकूण पीएएच 4 मिलीग्रॅमच्या खाली असेल तर त्रास क्वचित, 45 च्या आसपास किंवा वर गेलं तर बहुधा होणारच. उसने का होईना, आकडे आहेत. तेव्हा पुढच्या वेळी नगरपालिकेत किंवा सोसायटीच्या ग्रुपवर “उल्हासचा गाळ काढणार” अशी बातमी आली, तर दोन प्रश्न नक्की विचारा. काढण्याआधी या गाळाची तपासणी झाली का, आणि काढलेला गाळ नेऊन टाकणार कुठे? कारण बऱ्याचदा तो कुणाच्या तरी शेतात किंवा भरावात जातो, आणि तिथे त्याच्यावर भाजी उगवते.

पुढच्या भागात याच भरावाच्या मातीबद्दल बोलू. तोवर प्रश्न पाठवत राहा.